आरतीच्या फडताळातली शिवी

माझा व्यवसाय सांगितला की लोक आधी तोंड मिटतात. आपण काही चुकीचं बोललो तर ही बाई तिथल्या तिथे दुरुस्त करील, अशी त्यांना धास्ती वाटते. मी वाचा-उपचार करायची, म्हणजे स्पीच थेरपिस्ट. भाईंदर पश्चिमेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना होता. एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र आणि मध्ये मी. दातांचे पेशंट चुकून माझ्याकडे शिरत आणि खुर्चीत बसून 'आ' करत. मी सवयीनं त्यांची जीभ बघून घ्यायची आणि मग शेजारी पाठवायची.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही उच्चार शिकवतो. शिकवतोही. पण आमचं निम्मं काम गप्प बसण्याचं असतं आणि उरलेलं निम्मं इतरांना गप्प बसवण्याचं. अर्धांगाचा झटका आलेला माणूस शब्द शोधत असतो, तो अगदी ओठांशी आलेला असतो, तेवढ्यात घरातली चार माणसं ओरडतात, "पाणी ना? पाणी हवंय त्यांना!" झालं. तो शब्द पुन्हा आत जातो. थांबा, नुसतं थांबा, हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

शिव्यांशी माझा संबंध या धंद्यामुळेच आला. माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे 'गाढव' ही शेवटची पायरी होती, त्यापुढे आई जेवायला वाढायची नाही. लग्न होऊन भाईंदरला आले आणि पहिल्याच आठवड्यात मासळीवाल्या मावशीनं शेजारणीला हाक मारलेली ऐकली, "काय गो रांडे, आज उशीर केलास?" मी पिशवी घेऊन घरी पळाले. पुढे कळलं, त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. मावशी खरी चिडली की 'अहो बाई, तुम्ही' असं बोलायची. तिच्या तोंडून 'तुम्ही' आलं की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

जवळच्या हाटकेश भागातल्या एका वर्कशॉपमधला तरुण कामगार माझ्याकडे यायचा. बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगताना त्याला घाम फुटायचा. पण मशीन अडलं की त्याच्या तोंडून अशी सणसणीत शिवी निघायची की एक अक्षर कुठे अडकायचं नाही. त्याची आई म्हणायची, "मॅडम, हा नाटकं करतो. शिव्या बघा कशा फाडफाड देतो." बिचारा मान खाली घालून बसायचा. तो नाटक करत नव्हता. ते समजवायला मी त्या माउलीला जे सांगितलं, तेच इथेही सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळायला सोपी जाईल.

आपण जुळवून जे बोलतो, 'मला उद्या लवकर उठायचंय' यासारखं, ते बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला तयार होतं. ते रोजचं स्वयंपाकघर समजा. पण मागच्या खोलीत एक जुनं फडताळ असतं. त्यात न जुळवता येणारं, आपोआप तोंडात येणारं सामान असतं. एक-दोन-तीन हे आकडे, वारांची नावं, लहानपणापासून म्हटलेली आरती, 'अरे देवा', आणि शिव्या. झटका आला की कधीकधी स्वयंपाकघर जळून जातं आणि फडताळ तेवढं वाचतं. मग ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नाही तो आरती धडाधड म्हणतो. देवाचं आणि शिव्यांचं सामान तिथे एकाच फळीवर असतं, हे लोकांना पटत नाही. मलाही कॉलेजात शिकताना ते विचित्रच वाटलं होतं.

शिगवणकाकांच्या फडताळात एकच शब्द उरला होता.

त्यांचा मुलगा प्रशांत त्यांना घेऊन आला. सोबत काकू होत्या. काकांची उजवी बाजू लुळी पडली होती, डाव्या हातात काठी होती. प्रशांतनं रिपोर्ट पुढे ठेवले, पण नजर वर करेना. "मॅडम, बाबा एकच वर्ड बोलतात. सकाळपासून रात्रीपर्यंत तोच. सॉरी हं, तुमच्यासमोर पण बोलतील." एवढं होतंय तोच काकांनी माझ्याकडे बघून मान लववली आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "रांडेच्या."

हा लेख देताना मी संपादकांना विचारलं होतं, तो शब्द छापाल का? ते म्हणाले, मधे टिंबं देऊ. मी म्हटलं, मग लेखच राहू द्या. त्या माणसाकडे एकच शब्द होता, त्याचीही टिंबं करायची?

"नमस्कार काका," मी म्हटलं. काका दचकले. मग त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हसली आणि डोळे भरून आले. झटका आल्यापासून त्यांच्या बोलण्याला मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं. त्यांना समोरच्याचं सगळं कळत होतं, बाहेर मात्र एवढंच येत होतं. मनात 'नमस्कार' म्हणायचं असलं तरी तोंडातून तेच निघायचं. या आजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट कुठली असेल तर ती ही, की आपल्या तोंडून काय निघालं ते माणसाला ऐकू येतं.

शिगवण मंडळी मूळची रत्नागिरीकडची. काका फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीत नोकरीला होते. गिरणगावातली भाड्याची खोली सोडून भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी झाले. कधी कुणावर आवाज चढवला नाही. कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं हिंदीत नको ते बोलायची म्हणून त्यांनी गेटजवळ मराठी आणि हिंदीत पाटी लावली होती, 'येथे अपशब्द वापरू नयेत.' प्रशांत शाळेत असताना एकदा बाहेरून असाच एक शब्द घेऊन घरी आला होता. काकांनी त्याला मारलं. जन्मात मारलं ते तेवढंच.

"ज्याच्यासाठी मला मारलं, मॅडम, तेच आता मला दिवसभर ऐकवतायत," प्रशांत म्हणाला. तो चिडून बोलला नाही. त्याला ते खरंच लागलं होतं. शिवाय घरात त्याची बायको होती, वरखाली शेजारी होते, आणि काकूंची एक नणंद येऊन सांगून गेली होती की नवऱ्यानं उठल्यासुटल्या हा शब्द काढणं बायकोच्या कुंकवाला चांगलं नाही. पाहुणे आले की काकांना आतल्या खोलीत नेऊन टीव्ही मोठा करायची पद्धत सुरू झाली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रशांत नव्हता. काका आत फळ्यावरची चित्रं बघत बसले होते, तेव्हा काकू माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "तो शब्द कुठला हाय ते मला म्हाईत हाय. त्यांचा बापूस त्यांना त्याच नावानं हाक मारायचा. जेव रांडेच्या, झोप रांडेच्या. मी लग्न होऊन गेले तवा मला वाटलं, ह्यांचं नावच ते." बोलता बोलता त्या हसल्या. "शिमग्याला होळीपुढं पुरुष फाका घालतात, म्हणजे शिव्यांची गाणीच. बाकी वर्षभर हे देवमाणूस, पण त्या रात्री ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. म्हातारा लांबून ऐकत बसायचा, म्हणायचा, माझा रांडेचा बघा कसा गातोय."

मी हे प्रशांतला सांगितलं. तुझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी ज्या शब्दानं वाढवलं, त्याच शब्दानं ते तुला बोलावतायत. त्यांना तुला शिवी द्यायचीच नाहीये. प्रशांतनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, गावाकडचं गावाकडे. इथे खालच्या जैन भाभींना मी हे कसं एक्सप्लेन करू?"  

तो शब्द बंद करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी त्यालाच धरून काम सुरू केलं. शब्द एक असला तरी सूर एक नसतो. पाणी हवं असलं की काका तो शब्द शेवटी जरा वर न्यायचे. नको असलं की तुटक, खाली. दुखत असलं की लांबवून. काकूंना मी सांगितलं, शब्द ऐकू नका, चाल ऐका. आणि आपण दोनच पर्याय द्यायचे, चहा की पाणी, आणि थांबायचं. काकू या कामात माझ्याहून हुशार निघाल्या. महिन्याभरात त्या स्वयंपाकघरातून नुसता सूर ऐकून सांगायच्या, ह्यांना पंखा कमी करायचाय, ह्यांना खिडकीशी बसायचंय. मला कधीकधी तो फरक कळायचाच नाही. एकदा मी विचारलं, "काकू, हे कशावरून?" त्या म्हणाल्या, "आधी तरी हे कुठं जास्त बोलायचे? तवापण असंच कळायचं."

असं बरं चाललं होतं. तेवढ्यात गणपती आले.

काकांच्या घरी आरती नेहमी तेच सुरू करायचे. मी प्रशांतला म्हटलं, त्यांना उभं करा, आरती त्यांना येईल. त्याचा विश्वास बसेना, पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. मलाही आमंत्रण आलं. फ्लॅट माणसांनी भरला होता. प्रशांतचे सासरे मुद्दाम आले होते, सोसायटीची कमिटी होती. काकांना खुर्चीतून उठवून देवापुढे उभं केलं, डाव्या हाताला काकू होत्या. टाळ वाजले आणि काकांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द सुटला नाही. आवाज जरा चिरका होता, उच्चार जड होते, पण शब्द सगळे होते. आधी आजूबाजूचे म्हणायचे थांबले, मग टाळही हळू झाले, आणि काका एकटेच म्हणत राहिले. प्रशांत भिंतीला टेकून रडत होता. मी या धंद्यात फुशारकी मारावी असं फार कमी केलं असेल, पण त्या वेळी माझी मान ताठ झाली होती.

आरती संपली. प्रशांतचे सासरे भारावून पुढे आले, काकांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, जिंकलंत!" काकांचा चेहरा फुलला. एवढी माणसं जमली होती आणि आपल्याला बोलता येतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी व्याह्यांचा हात घट्ट दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत, आनंदी आवाजात म्हणाले, "रांडेच्या!"

कुणीतरी पोरगं फिसकन हसलं. व्याह्यांनी हात सोडवून घेतला. ते वाईट माणूस नव्हते. "असू दे, असू दे," म्हणाले, पण प्रसाद न घेता चपला घालू लागले. प्रशांतची बायको आत निघून गेली. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. मग त्यांनी आपला चांगला हात उचलून तोंडावर ठेवला आणि तो काढलाच नाही. काकूंनी प्रसाद भरवायला हात बाजूला करायचा प्रयत्न केला, तरी नाही.

चार दिवसांनी प्रशांतचा फोन आला. "मॅडम, थेरपी आता थांबवूया."

मी त्याला समजावलं. आरती आली म्हणजे वाट आहे, या आरतीच्या चालीवरच हळूहळू दुसरे शब्द बसवता येतात, वेळ लागेल.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तो शब्द राहील."

 तो म्हणाला, "बाबा बोलले नाहीत तरी चालेल, मॅडम. पण लोकांनी त्यांना हसलेलं मला नाही चालणार. तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत, सेक्रेटरी असताना. लोक उभे राहायचे."

आजवर अनेकांनी माझ्याशी वाद घातले. ते जिंकायची मला सवय होती. इथे मी माघार घेतली, कारण हा मुलगा वडिलांची लाज वाटून बोलत नव्हता. वडिलांची अब्रू राखायची म्हणून बोलत होता. फक्त ती राखायचा एकच रस्ता त्याला माहीत होता.

दिवाळीच्या आसपास मी फराळाचं निमित्त करून त्यांच्याकडे गेले. काका खिडकीशी बसले होते. मला बघून त्यांचे ओठ हलले, आणि लगेच मांडीवरचा नॅपकिन उचलून त्यांनी तोंडावर धरला. नॅपकिन कुणी दिला नव्हता, त्यांचा त्यांनीच घेतला होता. काकू म्हणाल्या, "आता माझ्याशीपण न्हाय बोलत. मान हलवतात." मी म्हटलं, काका, माझ्यापुढे बोला, मला काही वाटत नाही. त्यांनी नॅपकिनच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. शेवटचे कित्येक महिने त्या घरात कुणी तो शब्द ऐकला नाही. व्याही, शेजारी, सगळे बाराव्याला आले आणि किती सज्जन माणूस होता, कधी वावगं बोलला नाही, असं म्हणून गेले.

मीही नंतर दवाखाना बंद केला. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

यंदा आषाढात प्रशांतचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सेशन रेकॉर्ड करायचात ना? बाबांचं काही आहे का अजून?"

असं रेकॉर्डिंग आम्ही पेशंटची प्रगती बघायला करतो. काम झालं की पुसायचं असतं. मी पुष्कळशी पुसली होती. शिगवणकाकांचं एक ठेवलं होतं, का ते मलाही सांगता येणार नाही.

"आई हल्ली काहीच बोलत नाही," तो म्हणाला. "मी तिला बाबांचे जुने व्हिडिओ लावून दिले. माझ्या लग्नातले, सोसायटीच्या पंधरा ऑगस्टचं भाषण. ती बघत पण नाही. म्हणते, ते सगळ्यांशी बोलतायत, माझ्याशी बोललेलं कुठंय? आणि मॅडम, आजारपणातलं आमच्याकडे काहीच नाही. आम्ही शूटच नाही केलं. कसं करणार?"

दोघं रविवारी सकाळी माझ्या घरी आले. काकू बारीक झाल्या होत्या, गळ्यात नुसती तुळशीची माळ होती. मी चहा केला. फोन टेबलावर ठेवला आणि लावला. आधी माझा आवाज आला, काका, हे चित्र कशाचं? मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग काकांचा आवाज, "रांडेच्या." प्रशांतनं मान खाली घातली. काकूंनी मात्र मान वर केली.

"चष्मा मागतायत," त्या म्हणाल्या. "तुम्ही चित्र दाखवताय आन् चष्मा तर माझ्या पिशवीत हाय." पुन्हा तो शब्द आला. "कंटाळले." मग मी फळा पुसल्याचा आवाज, पुन्हा शब्द, आणि काकू म्हणाल्या, "आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतायत." मी हसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या वेळी त्यांनी 'आंबा' म्हणायचा प्रयत्न केला होता.

मध्येच दार उघडल्याचा आवाज आला आणि प्रशांतचा आवाज, मॅडम, झालं का, मी डायरेक्ट ऑफिसमधून आलोय. लगेच काका बोलले. जरा मोठ्यानं, शेवटी वर नेऊन.

"आणि हे?" प्रशांतनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या शब्दाबद्दल विचारत होता.

"हे तुला. जेवलास का म्हणून."

रेकॉर्डिंगमध्ये प्रशांत घाईघाईनं म्हणत होता, बाबा, श्श, बाहेर लोक आहेत. टेबलाशी बसलेल्या प्रशांतनं हातानं डोळे झाकून घेतले. मी फोन बंद करायला गेले, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. अजून थोडं राहिलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये प्रशांत दार लावून रिक्षा बघायला गेला, मी खुर्च्या सरकवल्या. आणि अगदी शेवटी काका पुन्हा तोच शब्द म्हणाले. हळू, दाराकडे तोंड करून, घाई नसल्यासारखा. त्यानंतर काही नव्हतं.

काकू फोनकडेच बघत राहिल्या. प्रशांतनं विचारलं, "आई, हे काय म्हणाले?"

"हे काय न्हाय. हे मला. नुसती हाक." त्यांनी पदरानं चेहरा पुसला. "त्या दिशी मी बाहेर बाकड्यावर बसलेले. मला ऐकूच न्हाय आलं."

त्यांनी फोनकडे बोट दाखवून शेवटचं तेवढं परत लावायला सांगितलं. मी लावलं. काकांनी हाक मारली.

"ओ," काकू म्हणाल्या.